आईचे १८ लाख : दिंडीची पंगत चालू ठेवायची, की फाउंडेशन काढायचं?

पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या आणि माणदेशात माहेर असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या आई गेल्या वर्षी वारल्या. वडील आधीच गेलेले. आईच्या नावच्या ठेवी आणि रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा विकून आलेले पैसे मिळून साधारण १८ लाख रुपये आहेत. ते आपण न वापरता आईच्या नावानं चांगल्या कामाला लावायचे, यावर ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचं एकमत आहे. पुढे मात्र जमत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आई नव्यानं सासरी आलेल्या होत्या. खडी फोडायला गेल्या, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे बरे दिवस आल्यावर आषाढीला गावावरून जाणाऱ्या दिंडीला जेवण घालायचा त्यांनी नेम धरला आणि शेवटपर्यंत पाळला. दारात आलेला रिकाम्या हातानं गेला नाही. कुणाला वह्या, कुणाला औषधाचे पैसे, कुणाच्या बाळंतपणाला तूप.

भाऊ अमेरिकेत स्थायिक झाला आहे, तिथलाच नागरिक आहे. त्याचं म्हणणं असं की आईनं आयुष्यभर चॅरिटी केली, आता आपण फिलान्थ्रॉपी करू. जेवण दुसऱ्या दिवशी संपतं, त्यानं काही बदलत नाही. आईच्या नावानं फाउंडेशन काढू, गावच्या शाळेत कॉम्प्युटर लॅब देऊ, परिणाम मोजू. ताईंना हे ऐकताना आईच्या आयुष्याला कुणी दुय्यम ठरवतं आहे असं वाटतं, पण भावाचं चुकतं कुठे तेही सांगता येत नाही. त्यातच आईंना स्वयंपाकात मदत करणाऱ्या मावशींच्या मुलीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या शिक्षणाला आई पैसे देत होत्या, आणि यंदाचं काय, असं तिनं चाचरत विचारलं. ताई विचारतात : मी भावनेच्या आहारी जाते आहे का? या दोन्हींत खरंच एक वरचं, एक खालचं असं आहे का? आणि पैशांचं करू काय?

ताई,

सगळ्यात आधी त्या मुलीचं बघू. पत्रात ती अगदी शेवटी येते, पण तुमच्या घरातला वाद मिटेपर्यंत थांबणं फक्त तिलाच परवडणारं नाही. आईंनी तिला शिकवायचा शब्द दिला होता. घरातलं माणूस गेलं की आपण त्याची उधारी-उसनवारी आधी फेडतो, तसंच हे धरा. या १८ लाखांवरचा पहिला हक्क तिचा. भावाशी बाकी कशावरही मतभेद असोत, हे या आठवड्यात मार्गी लावा आणि पदवी हातात पडेपर्यंत पैसे मिळतील हे तिला स्वच्छ शब्दांत सांगा. दरवर्षी नव्यानं चाचरत विचारायची वेळ तिच्यावर येऊ नये.

हे करताना तिच्याशी नीट बोलून घ्या. आई नेमके कशाचे पैसे देत होत्या? महाराष्ट्रात २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो, आणि बरीच मुलं एखादा दाखला वेळेत न मिळाल्यानं किंवा आधार बँक खात्याला जोडलेलं नसल्यानं मागे राहतात. तुम्ही बँकेत आहात, ही कामं तुम्हाला परकी नाहीत. एक रविवार तिच्याबरोबर बसून तिचे कागद तपासलेत तर हजारो रुपयांची मदत होईल, तीही तिच्या हक्काची, कुणाचे उपकार नसलेली. सरकारी सवलत शुल्कापाशी थांबते. खोलीचं भाडं, खानावळ, एसटी, प्रोजेक्टचा खर्च उरतोच, आणि मला वाटतं आईंचे पैसे तिथेच लागत असावेत. तिथे तुम्ही पैसे घाला.

आता तुमच्या आणि भावाच्या वादाकडे येते.

तो जो फरक करतो आहे तो खरा आहे, तो नाकारू नका. समोरच्या माणसाची आजची भूक, आजचं दुखणं, आजची फी भागवणं हे एक काम. ही भूक पुन्हापुन्हा का लागते, हे दुखणं याच वस्तीत का होतं, ही फी या घराला कधीच का झेपत नाही, हे शोधून तिथे पैसा आणि वेळ घालणं हे दुसरं काम. पहिल्याचं फळ लगेच दिसतं आणि ते एका माणसापुरतं असतं. दुसऱ्याला वर्षं लागतात, ते फसूही शकतं, पण जमलं तर ज्यांना आपण कधी पाहणार नाही अशांपर्यंत पोचतं. इथवर मी भावाच्या बाजूची आहे.

त्याच्या मताला मोठा आधारही आहे. जमशेदजी टाटांनी जवळपास हेच म्हटलं होतं. उघड्याला कापड, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला औषध देणाऱ्या दानाला ते ठिगळं लावणं म्हणायचे. त्यामागच्या दयाबुद्धीला त्यांनी नावं ठेवली नाहीत, पण समाज पुढे जातो तो त्यातल्या सर्वांत गुणी माणसांना वर उचलल्यानं, असं त्यांचं मत होतं. त्यातूनच १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी त्यांनी निधी उभारला. तो निधी शिष्यवृत्ती कर्जाऊ देतो, म्हणजे एकाची परतफेड पुढच्याच्या कामी येते. आपले जयंत नारळीकर या निधीचे विद्यार्थी, राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन हेही. भावाला हे उदाहरण माहीत नसेल तर जरूर सांगा, त्याचं बळ वाढू दे.

पण मग त्याला मुंबईत परळला न्या. जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी टाटा यांच्या नावाच्या ट्रस्टनं १९४१ साली तिथे कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं. दोराबजींच्या पत्नी मेहरबाई ल्युकेमियानं गेल्या होत्या, त्या दुःखातून हे काम निघालं. एका घरच्या दुःखातून देशभराच्या उपयोगाची संस्था उभी राहिली, यापेक्षा मोठी फिलान्थ्रॉपी कुठली दाखवायची? आता गडचिरोलीहून किंवा नांदेडहून तिथे आलेल्या माणसाचा विचार करा. उपचार स्वस्तात होतील, काही फुकटही होतील. पण केमोचे फेरे महिनोन्‌महिने चालतात. रात्री झोपायचं कुठे? बरोबर आलेल्या बायकोनं खायचं काय? मुंबईतलं भाडं त्याला एक आठवडासुद्धा झेपणार नाही, आणि मग उपचार अर्धवट टाकून तो गावी जातो. त्या क्षणी जगातलं उत्तम रुग्णालयही त्याच्या उपयोगाचं राहत नाही. त्याला मुंबईत टिकवून धरते ती दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि तिच्यासारख्या इतर जागा. अल्प दरात निवारा, अन्न. निवारा आणि अन्न ही तर अगदी जुन्या पद्धतीची दानं! तरीही रुग्णालयाचं काम त्यांच्याशिवाय पुरं होत नाही. यातलं ठिगळ कोणतं आणि कापड कोणतं हे भावाला विचारा. मला तरी ठरवता आलेलं नाही.

गाडगेबाबांची दशसूत्री, म्हणजे करायच्या दहा कामांची यादी, धर्मशाळांच्या भिंतींवर लिहिलेली असते. पुढच्या वेळी दिसली तर या दृष्टीनं वाचा. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र. आणि त्याच यादीत गरीब मुलामुलींना शिक्षण, बेकारांना रोजगार, दुःखी आणि निराशांना हिंमत. बाबांनी मधे रेघ मारलेली नाही. अन्न हे खालचं काम आणि शिक्षण वरचं, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. जोतीराव आणि सावित्रीबाईंचं पाहा. शाळा, सत्यशोधक समाज, जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालणारं लेखन, म्हणजे मूळ कारणावर काम करायचं तर त्यांच्याहून कुणी अधिक केलं नाही. पण १८७७ च्या दुष्काळात त्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. मुलं आधी जगायला हवीत, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

एवढं वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. पण ताई, तुमच्याही बाजूला एक अवघड गोष्ट आहे आणि ती मी बोलणार आहे.

आई गेल्या आणि त्या मुलीचे पैसे थांबले. आईंच्या दानाची उणीव इथे आहे. त्या होत्या तोवर गावातल्या कितीतरी माणसांचं अडलेलं निभलं, पण ते सगळं एका बाईच्या मायेवर आणि एका बाईच्या आयुष्यावर टेकलेलं होतं. ज्यांना त्यांच्या दारात यायचा संकोच वाटला असेल ती घरं तशीच राहिली असतील. ज्यांच्याशी घराचं जुनं वैर असेल, जी वस्ती ओढ्यापलीकडे असेल, तिथली माणसं आली का? आईंचं मन मोठं होतं यात मला शंका नाही. तरीही दारावर येऊन मागावं लागतं, देणाऱ्याच्या मर्जीकडे बघावं लागतं, यात घेणाऱ्याचं काहीतरी जातं. बाबा आमटेंनी आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या हाताला काम दिलं ते याच विचारानं. दान माणसाला मोडतं, श्रम त्याला उभं करतात, हे त्यांनी बोलूनही दाखवलं आणि वरोऱ्याच्या माळरानावर करूनही दाखवलं. प्रत्येक ठिकाणी ते लागू होईल असं मी म्हणणार नाही, कारण तापानं फणफणलेल्या माणसाला श्रमाची थोरवी सांगून काय उपयोग! पण तुम्ही जे पुढे चालवणार आहात त्यात मागणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशी काही सोय हवी, एवढं त्यातून घ्या.

आणि आईंच्या तरुणपणाची गोष्ट तर याच प्रश्नाभोवती फिरते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, म्हणजे त्यांना कुणी नुसतं जेवू घातलं नाही, काम मिळालं आणि कामाचा पगार मिळाला. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यानं, महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा विधिमंडळानं १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि ते द्यायला सरकार बांधलेलं. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. तुमच्या पगारपत्रकात दरमहा कापलेले २०० रुपये दिसतात ना, त्याचं मूळ तिथे आहे. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. शहरातल्या नोकरदारानं माणदेशातल्या मजुराला दिलेली ही मदत. देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड ठाऊक नाही, घेणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. भावाला जे हवं आहे त्याचं सर्वांत भरीव रूप मला हे वाटतं, आणि ते कुठल्याही फाउंडेशननं केलेलं नाही. म्हणून ‘आईनं काही बदललं नाही’ असं तो म्हणेल तेव्हा त्याला सांगा की आई स्वतः त्या बदलाच्या आतून गेल्या होत्या. पोट भरल्यावर दुसऱ्यांना वाढायला त्या उभ्या राहिल्या, कारण काम मिळेपर्यंतचे दिवस कसे जातात हे त्यांना ठाऊक होतं.

आता पैशांचं.

फाउंडेशन काढू नका. हे मी ठामपणे सांगते, आणि १० लाख ते ५० लाखांच्या घरातली रक्कम हाती असलेल्या सगळ्याच वाचकांना सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी, प्राप्तिकराची वेगळी नोंदणी आणि तिचं ठरावीक काळानं नूतनीकरण, दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हे सगळं योग्यच आहे, लोकांच्या पैशाला लगाम हवाच. पण १८ लाखांचं व्याज वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास येणार. त्यातला चांगला मोठा वाटा सीए, प्रवास आणि कागदपत्रांवर जाईल. शिवाय विश्वस्त कोण? एक अमेरिकेत, एक पुण्यात नोकरीत अडकलेली. दहा वर्षांनी हे बघणार कोण?

आईच्या नावानं द्यायचं तर १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी काय केलं ते आठवा. त्यांनी १५ लाख रुपये दिले, आणि आज एसएनडीटी म्हणून जिला आपण ओळखतो त्या महिला विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. विद्यापीठ त्यांनी काढलं नव्हतं. ते १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी काढलं होतं, आणि त्याच्याही आधी वीस वर्षं अण्णासाहेब विधवांच्या शिक्षणासाठी दारोदार वर्गणी मागत चालत होते. राबणारं माणूस आणि घडी बसलेलं काम आधीच होतं, ठाकरसींनी त्याला बळ दिलं. तुमची रक्कम लहान असली तरी रीत हीच ठेवा. आपल्या भागात वर्षानुवर्षं काम करत असलेली एखादी संस्था शोधा : मुलींचं वसतिगृह, गावाजवळची आरोग्यसेवा, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना मागे ठेवून घेणारी हंगामी सोय. जे आहे त्यात घाला.

माझा स्वतःचा ओढा वसतिगृहाकडे आहे, आणि त्यामागे तुमच्या आईच आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. ते चाललं कशावर? मुलांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. गावोगावच्या बायकांनी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवलं, त्याला मुष्टीफंड म्हणत. त्या मुठीमुठीतून जेवून मुलं शिकली आणि रयत शिक्षण संस्था वाढत गेली. त्या बायका अन्नदान करत होत्या की शिक्षणव्यवस्था उभी करत होत्या? त्यांनी तर फक्त मूठभर ज्वारी काढून ठेवली होती. आईंचा अन्न द्यायचा नेम आणि भावाची शिक्षणाची ओढ ही एकाच ताटात येऊ शकतात, ती मुलींच्या खानावळीत. शुल्क सरकार भरेल, पण जेवण परवडत नाही म्हणून कॉलेज सोडणाऱ्या मुली माणदेशात नाहीत असं तुम्हीही म्हणणार नाही.

कॉम्प्युटर लॅबबद्दल एवढंच : मुख्याध्यापकांना विचारा की वीजबिल कोण भरतं, बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार आणि शिकवणार कोण. तीन उत्तरं समाधानकारक मिळाली तर खुशाल द्या. नाहीतर अशा खोल्या कुलपात पडून असलेल्या मी पाहिल्या आहेत, धूळ बसू नये म्हणून यंत्रांवर कापड घातलेलं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नाही. त्याऐवजी तीन वर्षं एका चांगल्या शिक्षकाचं मानधन देणं जास्त उपयोगी पडेल, जरी त्यावर आईच्या नावाची पाटी लावता आली नाही तरी.

विभागणी मला अशी सुचते. सुमारे ३ लाख बाजूला, त्यातून त्या मुलीची पदवी पुरी होईल आणि जे उरेल ते गावातल्या अडीनडीसाठी राहील. १२ लाख वसतिगृहासारख्या चालू कामाला कायम निधी म्हणून. सात टक्क्यांनी धरले तर वर्षाला ८४,००० रुपये, म्हणजे दरमहा ७,०००. त्यातले थोडे दरवर्षी मुद्दलात परत घालायची अट ठेवा, नाहीतर महागाईनं दहा वर्षांत त्यांचा जीव निम्मा होईल. उरलेल्या ३ लाखांच्या व्याजावर दिंडीची पंगत. ती पंगत बंद करू नका. तिथे फक्त भूक भागत नाही, गाव एकत्र येतं. एक बदल जरूर करा. आजवर ती आईंची होती, आता गावाची होऊ दे. व्याजाचे २० हजार तुमचे, बाकी धान्य, भाजी, हात गावाचे. हे आकडे काळ्या दगडावरची रेघ नव्हेत, तुम्ही दोघं बसून बदला.

अडीनडीचा पैसा तुमच्या हातात ठेवू नका. गावच्या आशाताई (म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका), शाळेतल्या एखाद्या बाई आणि बचत गटातली एक अशा तिघींकडे तो द्या. कुणाला दिले हे तुम्हाला कळायची गरज नाही, वर्षाचा एकूण हिशेब पुरे. ओढ्यापलीकडची बाईही आशाताईंकडे जाते, ती तुमच्या दारात आली नसती.

१२ लाख एकदम देऊ नका. पहिल्या वर्षी लाखभर द्या. संस्थेचा मागच्या तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागा. न सांगता एकदा जेवणाच्या वेळी जा, मुलींच्या पंगतीत बसा, त्यांच्याशी बोला. अहवाल मागितल्यावर ज्यांना राग येतो त्यांना मोठी रक्कम देऊ नये. रोख देऊ नका : ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती मुळीच नाही.

भावाच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची, कारण परदेशी राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांत ती माहीत नसते. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्या माणसानं स्वतःच्या कमाईतून, रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरली जात नाही. पण तुमच्या भावासारखं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं) असलं तरी त्याची देणगी विदेशी ठरते, रुपयांत दिली तरीही. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते आणि पैसे परदेशातून थेट येणार असतील तर ते स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरवून दिलेल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आईंच्या पैशात त्याचा कायदेशीर वाटा किती, आणि तो त्यानं देणगी म्हणून दिला तर काय लागू होईल, हे आधी सीएकडून लेखी घ्या. छोट्या संस्थेला नकळत अडचणीत टाकणं हे दानही नाही आणि दुसरं काहीही नाही.

भावाला आईच्या वर्षश्राद्धाला बोलावताय असं लिहिलं आहे. त्याला म्हणावं दोन दिवसांऐवजी आठ दिवसांची रजा काढ. पुण्यात बसून चर्चा नको. वसतिगृह बघू दे, आशाताईंना भेटू दे, त्या मुलीशी तिच्या कॉलेजबद्दल बोलू दे. मोजायची त्याला हौस आहे तर चांगलंच आहे, ती हौस कामी लावा : मागच्या पाच वर्षांत गावातल्या किती मुलींनी बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि का, याची यादी शाळेतून आणि घराघरातून त्यालाच करू दे. ती यादी हातात आली की १२ लाख कुठे घालायचे याचा वाद बराच कमी होईल. फक्त त्या मुलीचे पैसे त्याच्या येण्याची वाट न बघता पाठवा.